डब्यावरच्या दोघी

१

थोरलीचा दिवस कागद भिजवण्यानं सुरू व्हायचा. चहा त्यानंतर, केस विंचरणं त्याच्याही नंतर. उथळ ट्रेमध्ये पाणी ओतायचं, जाड कागदाचे तुकडे एकेक करून बुडवायचे, वर ओला टॉवेल पसरायचा आणि मगच जगाकडे तोंड करायचं. एकोणीस वर्षं हाच क्रम. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तिनं आधी कागद भिजवले होते आणि चहा नवऱ्यानं केला होता. नवरा बिचारा समजूतदार. बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. समजूतदार असायला त्याचं काय जातं?

घराची पुढची खोली तिच्या कामाची. मधोमध हातानं फिरवायचा प्रेस, खिडकीखाली टेबल, टेबलावर सुया, भिंग आणि एक चौकोनी आरसा. ड्रायपॉइंटचं काम म्हणजे आम्ल नाही की रसायन नाही. पोलादी सुई आणि तांब्याचा पत्रा, बस्स. सुई ओढली की रेघेच्या काठाला तांब्याचं बारीक कुसळ उभं राहतं. शाई त्या कुसळात अडकते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी मऊ उमटते. पण प्रेसखालून जाताना कुसळ दबतं, दर खेपेला थोडं थोडं. म्हणून पहिली प्रिंट महाराणी, पाचवी दासी, आणि दहावीला कोणी दारात उभं करत नाही.

आरसा कशाला, तर पत्र्यावर जे डावीकडे कोरलं ते कागदावर उजवीकडे येतं. पत्रा आरशासमोर धरला की प्रिंट कशी दिसेल ते आधीच कळतं. धंद्यातले लोक तिला हसायचे. म्हणायचे, एवढ्या वर्षांनी आरसा लागतो? ती म्हणायची, "लागतो. म्हणून तर माझा पत्रा कधी वाया जात नाही."

ह्या घरात ती आणि तिची सात वर्षांची मुलगी. मुलीला सगळे खारू म्हणत, कारण ती एका जागी बसायची नाही आणि खिशात नेहमी काहीतरी कुरतडायला असायचं. आणि दोन महिन्यांपासून तिसरी, थोरलीची धाकटी बहीण. धाकटीचं ऑफिस बंद पडलं, भाड्याची खोली सुटली, आणि ती दोन बॅगा घेऊन दारात आली. "ताई, पंधरा दिवस फक्त," म्हणाली होती. थोरलीनं स्वतः तिच्या बॅगा आत आणल्या. ते खोटं नव्हतं, तिला खरंच आनंद झाला होता.

२

गोळीवाले काका आले ते ह्या सगळ्याच्या मध्येच. दुधाच्या गोळ्यांचा त्यांचा छोटासा कारखाना. माणूस गोड, घामालासुद्धा साखरेचा वास. त्यांना गोल डब्यासाठी नवीन लेबल हवं होतं.

"आत्ताचं चित्र कॉम्प्युटरवर केलंय," ते म्हणाले. "ते बघून माणूस गोळी खाईल की दात घासेल, कळत नाही. मला हातानं काढलेलं पाहिजे. डबा उघडायच्या आधीच घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. तुम्ही चार-पाच प्रिंटा काढा, सोमवारी येतो, त्यातली एक उचलतो. तिचा फोटो घेऊन पुढे हजारो डब्यांवर छापू."

त्यांनी खिशातून मूठभर गोळ्या काढल्या. थोरलीनं एक घेऊन खारूपुढे धरली. खारू तेव्हा धाकटीच्या मांडीवर बसून तिच्या बांगडीशी खेळत होती. तिनं मान हलवली, नको. धाकटीनं तीच गोळी थोरलीच्या हातातून घेतली, कागद सोडवला आणि पुढे केली, तर पोरीनं पटकन तोंडात टाकली.

"बघा!" काका खो खो हसले. "माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते काय उगाच?"

सगळे हसले. थोरलीही हसली. हसता हसता तिनं गोळीचा टाकलेला कागद उचलून त्याच्या बारीक बारीक घड्या घातल्या. आपल्याच सख्ख्या बहिणीचा हेवा करायचा म्हणजे काय? लोक ऐकतील तर शेण घालतील तोंडात.

चित्र तिनं त्याच रात्री ठरवलं. दुकानाचं दार, पुढे तीन पायऱ्या. दार-पायऱ्या तिच्या स्वतःच्याच घराच्या, दुसऱ्या शोधायच्या कशाला? एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला दुकानवाली, मध्ये लहान मुलगी. मुलीनं आईचा हात घट्ट धरलेला. दुकानवालीनं गोळी द्यायला हात पुढे केलेला. आईसाठी तिनं स्वतःला आरशात बघितलं, दुकानवालीसाठी धाकटीला पायरीवर उभं केलं. बहिणीच त्या, एका साच्यातून काढल्यासारख्या. नाक तेच, कमरेत वाकून उभं राहायची ढब तीच, अंगात सारखेच अॅप्रन. पोरीचा हात कोणाच्या हातात आहे, एवढ्यावरूनच कोण कुठली ते कळायचं.

कागदावर आई डावीकडे यायला हवी होती. म्हणून पत्र्यावर तिनं आई उजवीकडे कोरली आणि दुकानवाली डावीकडे.

३

पहिली प्रिंट गुरुवारी सकाळी निघाली, आणि काय निघाली! कागदावरचं जाड लोकरी फेल्ट उचलून थोरलीनं कागदाचं टोक धरलं, हलकेच सोलून वर घेतलं. दाराची काळी सावली मऊ, दाट. डावीकडे आई, उजवीकडे दुकानवाली. आईच्या बोटांत पोरीची बोटं अशी गुंतलेली की सोडवू म्हटलं तर नखं लागली असती. पोरगी मान वर करून आईकडे बघत होती.

"ही आई," खारूनं लांबूनच बोट दाखवलं. ओल्या प्रिंटला हात लावायचा नाही हे तिला बाळकडूच होतं. "ही मी. ही मावशी."

"मला जाड केलंय ताईनं," धाकटी म्हणाली. "मुद्दाम."

"आहेसच," थोरली म्हणाली, आणि तिघी हसल्या.

दुपारी तिनं दुसरी काढली. शाई भरली, जाळीच्या कापडानं पुसली, शेवटचा हात तळव्यानं फिरवला, चाक फिरवलं. प्रिंट चांगली होती, फक्त पोरीची हनुवटी खाली आली होती. ती आता आईकडे बघत नव्हती, समोर बघत होती.

थोरलीनं दोन्ही प्रिंटा शेजारी धरल्या. मग स्वतःलाच समजावलं, अगं, हनुवटीच्या दोन केसांसारख्या रेघा, कुसळ दबलं असणार. पुसताना तळवा जरा जास्त फिरला असेल. हनुवटीचं काय घेऊन बसलीस? तिनं प्रिंट दोरीवर चिमट्यानं टांगली आणि स्वयंपाकाला लागली. भाजी चिरताना मात्र तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कुसळ दबलं की रेघ फिकी होते. रेघ जागा बदलत नाही.

४

त्या आठवड्यात घरात काय काय झालं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ह्यात विशेष काय? खरंच विशेष काही नव्हतं. खारूची वेणी मावशी घालायला लागली, कारण मावशी ओढत नाही. शाळेतून आणायला मावशी, कारण आईच्या हाताला शाई असते. गोष्ट मावशीची, कारण आई मध्येच झोपते. एकेक कारण घेतलं तर प्रत्येक खरं. पण सगळी एका दावणीला बांधली की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"ताई, तू दमतेस म्हणून करते गं," धाकटी म्हणायची, आणि तसंच तिच्या मनात असायचं. तिचा चेहरा पारदर्शक, लहानपणापासूनच. तिथंच तर घोडं अडायचं. धाकटी लबाड असती, तर दोन शब्द सुनावता आले असते. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं?

लहानपणी असंच व्हायचं. पाहुणे यायचे, थोरलीच्या पाठीवर शाबासकीची थाप मारायचे आणि धाकटीला उचलून घ्यायचे. थोरली हुशार, धाकटी लाघवी. हुशारीला बक्षीस मिळतं, मिठी मिळत नाही, हे थोरलीला सातव्या वर्षीच कळलं होतं. खारू झाली तेव्हा तिला वाटलं होतं, हे एक माणूस तरी फक्त माझं. ह्याला कोणी वाटेकरी नाही.

शुक्रवारी रात्री ती अंथरुणात पडून ऐकत होती. भिंतीपलीकडे खारू आणि धाकटी खुसुखुसु हसत होत्या. मध्येच हसू थांबलं. खारूचा आवाज आला, "आईला नको सांगू हं." मग पुन्हा हसू. काय सांगायचं नव्हतं? काही नसेल. एखादं बिस्कीट असेल. थोरली डोळे उघडे ठेवून पडून राहिली, आणि आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत असं तिला वाटलं.

शनिवारी तिसरी प्रिंट निघाली. पोरीनं तोंड फिरवलं होतं, थेट दुकानवालीकडे. आणि आईच्या बोटांतून तिची बोटं निसटली होती. फार नाही. दोन्ही हातांमध्ये कोऱ्या कागदाची एक बारीक फट होती, सुईच्या टोकाएवढी.

५

आता थोरली काही खुळी नव्हती. तिनं टेबलावरचं सगळं आवरलं, तिन्ही प्रिंटा ओळीनं मांडल्या आणि डोळ्याला भिंग लावलं. भीती वाटली की मोजायला लागावं, हा तिचा स्वभाव. पायऱ्यांची उंची मोजली, तिन्हीत सारखी. दाराच्या फळ्या सारख्या. आईच्या अॅप्रनच्या घड्या सारख्या. बदलली होती ती फक्त पोरगी.

कागद ओला असताना ताणला जातो, हे तिला आठवलं. पण कागद ताणला तर सगळं चित्र ताणेल, एकटी पोरगी कशी? शाई घट्ट झाली असेल. शाईनं मान फिरते का? मग तिनं शेवटी जे करायचं टाळलं होतं ते केलं. पत्रा नीट पुसला, आरशासमोर धरला आणि बघितलं.

आरशात सगळं जागच्या जागी होतं. डावीकडे आई, मान वर केलेली पोरगी, घट्ट धरलेला हात. जसं कोरलं होतं तस्संच. एक रेघ हललेली नव्हती.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पत्रा मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. पत्रा तोच, तर कागदावर दुसरं कुठून येतं? बाहेर व्हरांड्यात खारू आणि धाकटी टाळ्यांचा खेळ खेळत होत्या. टप, टप, टप-टप. थोरलीला वाटलं, त्या टाळ्या थांबल्या तर बरं. मग त्या थांबल्या, आणि ती शांतता त्याहून वाईट होती.

तिनं दार उघडून बघितलं. खारू धाकटीच्या कुशीत झोपली होती, बसल्या बसल्याच. धाकटीनं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "झोपू दे गं. उठवू नकोस तिला."

माझ्या मुलीला झोपू द्यायचं की नाही हे तू मला सांगणार? हे वाक्य थोरलीच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

६

चौथी प्रिंट काढायचीच नाही असं तिनं ठरवलं, आणि रविवारी सकाळी काढली. दातदुखीत जीभ त्याच दाताशी जाते, तसं झालं तिचं.

फेल्ट उचललं. कागद सोलला. पोरगी दुकानवालीच्या बाजूला होती. तिचा हात दुकानवालीच्या हातात होता, बोटांत बोटं गुंतवून, पहिल्या प्रिंटमध्ये आईच्या हातात होता तसा. मान वर करून ती दुकानवालीकडे बघत होती. आणि डावीकडची आई हात पुढे करून उभी होती, रिकामा हात.

रेघा फिक्या नव्हत्या. चौथी प्रिंट पहिलीपेक्षा दाट आली होती.

"धाकटे," तिनं हाक मारली. "इकडे ये जरा. हे बघ."

धाकटी ओले हात पुसत आली. वाकून बघितलं. "अय्या, किती छान आलीय! हीच दे काकांना."

"नीट बघ. काही वेगळं दिसतंय?"

"वेगळं काय? खारूनं माझा हात धरलाय, आणि तू गोळी देतेयस." तिनं मान वर केली. "आधीपासून असंच होतं ना? दुकानवाली तूच होतीस ना, ताई?"

पहिली प्रिंट हाताच्या अंतरावर, दोरीवर लटकत होती. ती काढून समोर धरायची, एवढंच करायचं होतं. तिनं केलं नाही. धाकटीला फरक दिसला तर काय, आणि नाही दिसला तर काय, ह्या दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली.

"हो," ती म्हणाली. "असंच होतं."

७

सोमवार उजाडला. गोळीवाले काका संध्याकाळी यायचे होते.

सकाळी शाळेला निघताना खारू पायरीवरून धडपडली. गुडघा फुटला, रक्त आलं, भोकाड पसरलं. थोरली खोलीतून धावत बाहेर आली आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरले. "ये, ये माझ्या राजा!" खारूनं तिच्याकडे बघितलं. अगदी तिच्या डोळ्यांत बघितलं. मग तिच्या हातांना वळसा घालून, लंगडत, रडत, फाटकाशी उभ्या असलेल्या धाकटीकडे गेली आणि तिच्या पोटात तोंड खुपसलं.

"असू दे ताई, मी बघते," धाकटी म्हणाली. "शाळेत मलमपट्टी करून घेते. तू कामाला लाग."

त्या दोघी गेल्या. थोरली तशीच बसून राहिली, हात पसरून, जणू कोणी ते आवरायला सांगेपर्यंत आवरायचे नसतात.

मग ती उठली. डोक्यात काय होतं ते सांगायला आडपडदा कशाला? धाकटी नको, एवढंच होतं. मेली तरी चालेल असं नाही, तेवढी ती वाईट नव्हती. फक्त नको. असायलाच नको. कधी आलीच नसती तर.

दुपारपर्यंत ती घरात येरझारा घालत राहिली. दुपारी धाकटी शाळेत गेली खारूला आणायला, आणि दाराची कडी लागल्याबरोबर थोरलीनं पत्रा टेबलावर घेतला. आरसा शोधला. आरसा जागेवर नव्हता. वेणीसाठी दोघींनी आत नेला असणार, आणखी कुठं जाणार? माझा आरसासुद्धा! ती आणायला उठली नाही. चौथी प्रिंट समोर भिंतीला टोचली, सरळ बघितलं. उजवीकडची बाई, जिचा हात पोरीनं धरलाय. पत्र्याकडे बघितलं. उजवीकडची बाई, जिचा हात पोरीनं धरलाय. हीच ती. तिनं तीन धारांचं पातं उचललं.

तांबं खरवडताना आवाज येतो, करकर नव्हे, कुरकुर. दातांत खडा यावा तसा. आधी चेहरा गेला. मग खांदे, अॅप्रन, कमरेत वाकलेली ती ढब. तांब्याचा चुरा तिनं फुंकरीनं उडवला. शेवटी पोरीच्या हातातला हात राहिला, तोही तिनं बोट बोट करून काढला. मग पोलादी टोकानं ती जागा घोटून घोटून गुळगुळीत केली. मनगट भरून आलं होतं, आणि तिला फार बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

शाई भरायला पत्रा उचलला तेव्हा तिची नजर पत्र्यावरून भिंतीवरच्या प्रिंटवर गेली, आणि परत पत्र्यावर आली.

पत्रा आणि प्रिंट कधी एकसारखे दिसत नाहीत. दिसूच शकत नाहीत. पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या पोराला आधी हेच सांगतात. पत्र्यावरचं उजवं म्हणजे कागदावरचं डावं.

पत्र्यावर उजवीकडे तिनं आईला कोरलं होतं. स्वतःला. आणि पत्र्यावर पोरगी शेवटपर्यंत तिचाच हात धरून होती.

८

कुठल्याही शहाण्या माणसानं पत्रा तिथंच ठेवला असता. पण थोरलीला वाटलं, आधी काय उरलंय ते तर बघू. थोडं कुसळ राहिलं असेल, सुईनं पुन्हा रेघा ओढता येतील. अजून बिघडलंय काय? एक पत्रा. पत्रे काय, ढीगभर मिळतात. हे सगळं ती मोठ्यानं बोलत होती, कारण खोली फार शांत होती. प्रेसचं चाक रोज कुरकुरायचं. आज फिरताना त्याचा आवाजच आला नाही.

फेल्ट उचललं.

उजवीकडे धाकटी, एकेक रेघ स्पष्ट. डावीकडे काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. खरवडलेलं तांबं कितीही घोटलं तरी थोडी शाई धरून ठेवतं, त्यामुळे तिथं करडा डाग उमटला होता. डागाला उंची होती. डाग वरच्या पायरीवर उभा होता. चेहऱ्याच्या जागी पात्याचे तिरके ओरखडे होते, आणि डाग कमरेत किंचित वाकला होता.

पोरगी धाकटीच्या अॅप्रनमागे लपली होती. एकच डोळा दिसत होता, आणि त्या डोळ्यानं ती डागाकडे बघत होती. सात वर्षांत खारूनं थोरलीकडे एकदाही तसं बघितलेलं नव्हतं.

थोरलीनं कागद चुरगाळला. हे मी केलंय, तिनं स्वतःला सांगितलं. माझ्या हातानं केलंय, माझ्या डोळ्यांना दिसतंय, झोप नाही, जेवण नाही, म्हणून दिसतंय. जळकुटेपणाचं भूत म्हणतात ते हेच. धाकटी आली की तिला सांगू. सगळं सांगू. म्हणू, मला तुझा हेवा वाटतो गं, दोन महिने रोज वाटतोय. ती हसेल, आपणही हसू. काकांना आठ दिवस थांबायला सांगू.

९

फाटकाची कडी वाजली. थोरली धावतच दार उघडून बाहेर आली आणि वरच्या पायरीवर उभी राहिली. चारचं ऊन थेट पायऱ्यांवर आलं होतं.

"खारू!" ती म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

खारू फाटकाशीच थांबली. गुडघ्याला पट्टी होती, हातात डबा होता. तिनं पायरीकडे बघितलं आणि तिचं बडबडतं तोंड बंद झालं. मग ती हळूच एक पाऊल मागे गेली, आणि धाकटीच्या मागे लपली.

"काय गं? काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"तिथं कोणीतरी आहे."

धाकटीनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "कुठं? कोणी नाहीये."

ऊन आहे, थोरलीला वाटलं. ऊन डोळ्यांवर येतंय तिच्या. किंवा चेष्टा चाललीय दोघींची, शाळेतून येताना ठरवलं असेल. "पुरे हं धाकटे," ती म्हणाली. "मला बोलायचंय तुझ्याशी. ऐकतेयस ना?"

धाकटी पायऱ्या चढायला लागली. एक, दोन. ती इतकी सरळ चालत आली की थोरलीला बाजूला सरावं लागलं, नाहीतर टक्कर झाली असती. तिच्या केसांचा वास आला, ओढणी थोरलीच्या हातावरून सरकत गेली. धाकटीनं मान वळवली नाही. उघडं दार बघून ती म्हणाली, "दार उघडंच राहिलं बघ माझ्याकडून, किती वेंधळी मी!" आणि आत गेली. आतून पिशवी ठेवल्याचा, नळ सोडल्याचा आवाज आला.

खारू कठड्याला चिकटून, थोरलीपासून शक्य तितकी लांबून वर चढली. उंबऱ्यावर पोचल्यावर तिला धीर आला असावा. ती वळली. थोरली तिथंच गुडघ्यांवर बसली होती, तिच्या उंचीला आली होती. खारूनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. भीती ओसरून पोरीच्या चेहऱ्यावर कणव आली. अनोळखी माणसाची येते तेवढीच.

"आई," तिनं हाक मारली, "ती रडतेय गं!"

थोरलीनं ओ द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून धाकटी म्हणाली, "आले हं बाळा."